राजकुंवरची गोळी

भर जेठात, नरडाणा स्टेशनावरच्या हमालांनीही दुपारी रुळांकडे फिरकू नये अशा उन्हात, हस्तीमलची बायको राजकुंवर शाल पांघरून पोळ्या लाटत होती. लाटता लाटता मधेच तिचा हात थांबे, लाटणं पोळीवर तसंच राही आणि घुंगटाआड तिचा डोळा लागे. तव्यावरची पोळी करपल्याचा वास माजघरात पोचला की सासूबाई जतनबाई आतून हाक मारायच्या, "बीनणी, जागी आहेस का?" सुनेला बीनणी म्हणायची त्या मारवाडी जैन घरातली रीतच होती. बीनणी दचकून उठायची आणि दुसरी पोळी करपवायला घ्यायची.

जतनबाईंना आधी वाटलं, पोरगी आळशी आहे. मग वाटलं, चोपड्याच्या माहेराने लाडावून ठेवली आहे. पण पुढे तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, फणीत केसांचे झुबके यायला लागले, तेव्हा मात्र त्या घाबरल्या. कारण नेमक्या त्याच सुमाराला राजकुंवरला दिवस गेल्याचं घरात कळलं होतं. याआधीही दोनदा असंच कळलं होतं, आणि दोन्ही वेळा पाचवा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं होतं. दोन्ही वेळा जतनबाईंनी आनंदाच्या भरात बातमी आळीभर केली होती. त्यामुळे नजर लागली, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"या खेपेला घराबाहेर अवाक्षर काढायचं नाही," त्यांनी मुलाला बजावलं. "कोणी विचारलं तर बीनणीला अशक्तपणा आहे म्हणायचं. पाचवा महिना उलटू दे, मग मीच सांगेन सगळ्यांना."

"बरं, बाई," हस्तीमल म्हणाला. आईला तो बाई म्हणे. हस्तीमल कापसाचा आडत्या होता. बाजारात तो भल्याभल्यांना बोलण्यात गुंडाळी, पण घराचा उंबरा ओलांडला की त्याची बोबडी वळे. वडील गेल्यापासून घर आईच्या शब्दावर चाले आणि त्याला ते सोयीचंच वाटे.

तो राजकुंवरला गाडीने जळगावला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आतल्या खोलीत नेऊन बराच वेळ तपासलं. मग तिला आतच बसवून त्या एकट्या बाहेर आल्या.

"गळ्यात इथे एक ग्रंथी असते," स्वतःच्या गळ्याला बोट लावून त्या म्हणाल्या. "ती शरीराची शेगडी समजा. तुमच्या पत्नीची शेगडी मंदावली आहे. म्हणून झोप, म्हणून सूज, म्हणून उन्हाळ्यात थंडी. मागची दोन्ही मुलंही माझ्या मते त्यामुळेच गेली. पोटातल्या बाळाला आईच्याच शेगडीची ऊब लागते हो. ही गोळी रोज सकाळी उपाशीपोटी एक. चुकवायची नाही, आणि जास्तही द्यायची नाही."

हस्तीमलने बाटली हातात घेतली आणि औषध घेताना त्याच्या घरातला कोणीही विचारील तो प्रश्न विचारला. "डॉक्टरीणबाई, यात मध तर नाही ना? आम्हाला मध चालत नाही."

"मध नाही," त्या म्हणाल्या. हस्तीमलने सुटकेचा श्वास सोडला. "मेंढी आहे."

सोडलेला श्वास परत घ्यायचं हस्तीमलला सुचेना.

"मेंढीच्या गळ्यातली हीच ग्रंथी वाळवून, कुटून या गोळ्या करतात," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "या दुखण्यावर दुसरं औषध नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. घरात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण गोळी बंद केलीत तर या खेपेचाही भरवसा देता येणार नाही."

आता हस्तीमलचं घर कसलं, तर पाणी गाळून झाल्यावर गाळण्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते गाळणं परत विहिरीत धुणारं. कांदा, लसूण, बटाटा यांना त्या घराची वाट ठाऊक नव्हती. जतनबाई मुंगीला वळसा घालून चालायच्या आणि मुंगीची रांग असली तर चालायच्याच नाहीत. अशा घरात मेंढी न्यायची, तीही बाटलीतून! गाडी धरणगाव सोडून अंमळनेरला आली तरी हस्तीमल खिडकीबाहेरच बघत होता. आईला सांगितलं तर बाटली उकिरड्यावर जाणार. बायकोला सांगितलं तर ती तोंड मिटून घेणार, कारण उपासतापासात ती सासूच्याही वरचढ होती. आणि कोणालाच सांगितलं नाही तर सगळं पाप एकट्या हस्तीमलच्या खात्यावर. त्याने विचार केला, पडू दे. मूल तर वाचेल.

"झाडपाल्याची गोळी आहे," तो शेवटी म्हणाला. "हिमालयात होतं ते झाड."

"हं," घुंगटातून आवाज आला.

त्याच दिवसापासून हस्तीमलने मनातल्या मनात साखरगूळ सोडला. गोडाशिवाय ज्याचं पान हलत नसे, त्याला एवढं प्रायश्चित्त भरपूर होतं.

गोळीने गुण दाखवला, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला. आषाढ सरता सरता राजकुंवरची शाल खुंटीला गेली. चेहऱ्यावरची सूज उतरली. पोळ्या करपायच्या थांबल्या. सासूच्या आधी उठून ती अंगण झाडायला लागली. भांड्यांना येणारी धुरपदाबाई एक दिवस हातातलं पातेलं तसंच धरून बघत राहिली.

"वो माय! सूनबाई आते कशी झपझप चालस! पयले ते उभ्या उभ्या झोपी जाये. काय दिधं तुम्हीन तिले?"

"जळगावची गोळी," जतनबाई अभिमानाने म्हणाल्या. "अशक्तपणाची."

"मंग माले बी एक द्या ना, माय. मन्हा गुडघा भलता दुखस."

जतनबाई मुळात हाताच्या सैल. शिवाय औषध देणं हे मोठं पुण्य, हे त्यांनी स्थानकातल्या, म्हणजे साधुसाध्वी उतरतात त्या वास्तूतल्या, व्याख्यानात कितीदा ऐकलं होतं. त्यांनी एक गोळी काढून दिली. दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई उड्या मारतच आली. "दखा, दखा! गुडघा बठ्ठा मोकळा व्हयी गया!" गुडघ्याचा आणि गोळीचा काडीचा संबंध नव्हता, पण हे सांगणार कोण? ज्याला माहीत होतं तो तर पाटावर बसून भाताचा घास तोंडाशी नेता नेता थिजला होता.

"बाई, ते औषध मुंबईहून येतं," तो कसाबसा म्हणाला. "वाटायचं नाही ते. बीनणीला कमी पडेल."

"एका गोळीने काय होतं? आणि तुला काय झालंय रे? गोड खात नाहीस, डोळे खोल गेलेत, झोपेत बडबडतोस. तूच घे बघू एक!"

नको म्हणायला हस्तीमलने तोंड उघडलं, हीच चूक झाली. जतनबाईंनी गोळी थेट जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठाला लावला. हस्तीमलने जिवाच्या आकांताने गोळी गालाच्या कोपऱ्यात दडवली, पाणी तेवढं गिळलं आणि दुकानाकडे जवळजवळ धावत सुटला. दारातच शिंदखेड्याचं एक गिऱ्हाईक उभं. "शेठ, सरकीना भाव काय शे आज?" शेठ नुसतेच हात हलवत होते. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव इतका चढलाय की शेठना सांगवत नाही. ते कपाळाला हात लावून निघून गेलं, आणि हस्तीमलने दुकानामागे जाऊन गोळी थुंकली, वर पाच चुळा भरल्या.

आता बाटली घरात ठेवणं धोक्याचं होतं. त्याने ती दुकानात नेऊन सरकीच्या पोत्यात खुपसली. रोज सकाळी तो दुकान उघडायच्या निमित्ताने जाई आणि एक गोळी पुडीत बांधून घरी आणी. हे झकास चाललं होतं. पण एकदा तो कापसाच्या व्यवहारासाठी धुळ्याला गेला आणि तिथेच अडकला. इकडे सकाळ झाली, गोळी नाही. दुसरी सकाळ झाली, गोळी नाही. दुपारी राजकुंवरने नुसती जांभई दिली आणि जतनबाईंच्या काळजाचं पाणी झालं. त्या तडक दुकानात गेल्या आणि मुनीमजींना बाजूला सारून त्यांनी एकेक पोतं उपसलं.

हस्तीमल परत आला तेव्हा आई दारातच उभी होती. बाटली तिच्या कनवटीला होती.

"दोन जिवांच्या बाईचं औषध सरकीत लपवतोस? माझा नातू काय दुकानाचा माल आहे? आजपासून ही बाटली माझ्याजवळ राहील. गोळी मी माझ्या हाताने देईन."

हस्तीमलजवळ खरं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण त्या वर्षी नरडाण्याच्या स्थानकात साध्वींचा चातुर्मास होता. त्यांच्यातल्या थोरल्या महासतीजींचं वय झालेलं, त्यात गावोगाव पायी फिरून शरीर थकलेलं. व्याख्यान देताना त्यांचे शब्द रेंगाळायला लागले. चेहऱ्यावर सूज दिसू लागली. श्रावणाच्या उकाड्यात त्या अंगावरची पछेडी घट्ट ओढून बसायच्या. सगळ्या बायका हळहळत होत्या. जतनबाई मात्र पहिल्या रांगेत बसून डोळे बारीक करून बघत होत्या, आणि घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "अगदी बीनणीसारखंच! तीच सूज, तीच थंडी, तोच आवाज. मी महासतीजींना ही गोळी वहोरावणार."

वहोरावणं म्हणजे भिक्षेला आलेल्या साधुसाध्वींच्या पात्रात आपल्या हाताने घालणं. हस्तीमलच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या महासतीजी वाऱ्यातला जीव मरू नये म्हणून तोंडाला मुहपत्ती बांधून बोलतात, त्यांच्या पात्रात मेंढी! बायकोला दिली ते एक पाप होतं, त्याला निदान पोटच्या पोराचं कारण होतं. याला कुठलं कारण दाखवणार? साखर सोडून हे फिटण्यासारखं नव्हतं.

"बाई, महासतीजींना विलायती औषध कसं चालेल?"

"का नाही चालणार? सुकं आहे, मध नाही, कंद नाही. झाडपाल्याचं आहे, हिमालयातलं. तूच सांगितलंस ना?"

"मी सांगितलं खरं..."

"मग?"

मग काय? खरं बोलावं, तर बाटली जाणार आणि तिच्यामागे हेही मूल जाणार. पाचवा महिना अजून उलटायचा होता. गप्प बसावं, तर महासतीजींचा जन्मभराचा संयम त्याच्या घराच्या ओट्यावर भंगणार. हस्तीमलने अंथरुणावर कूस बदलून बदलून सतरंजीचा चोळामोळा केला, पण तिसरा रस्ता काही सापडला नाही.

साध्वी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, कोणत्या दिवशी कोणाच्या घरी जातील हे आधी ठरत नाही. बोलावून त्या येत नाहीत. त्यामुळे जतनबाई रोज त्या वेळी बाटली घेऊन ओट्यावर तयार, आणि हस्तीमल दुकान सोडून त्यांच्या मागे तयार. "तुला आज बाजार नाही का?" आई विचारी. "मंदी आहे, बाई," तो म्हणे. गल्लीच्या तोंडाशी पांढरं वस्त्र दिसलं की तो आईच्या पुढ्यात येऊन उभा राही, आणि साध्वी दुसऱ्या घरी वळल्या की तो भिंतीला टेकून बसे. इकडे आडतीत सुकदेव मुनीमजी एकटे गिऱ्हाइकं सांभाळून मेटाकुटीला आले होते.

एक दिवस त्या वळल्या नाहीत. थोरल्या महासतीजी आणि त्यांच्या बरोबरच्या दोन धाकट्या साध्वी सरळ हस्तीमलच्या घरासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे नेहमीप्रमाणे आळीतल्या सातआठ बायका.

"पधारो, महासतीजी, पधारो!" जतनबाईंचा आवाज आनंदाने चिरकला.

हस्तीमलला एक नियम पक्का ठाऊक होता. हिरवी भाजी, न उकळलेलं पाणी, पेटता विस्तव यांना हात लागलेल्या माणसाच्या हातून साध्वी काही घेत नाहीत. तो माणूस त्या वेळेपुरता असूजता होतो, म्हणजे देण्यास अपात्र ठरतो. धुरपदाबाईने भांड्यांसाठी आणलेली पाण्याची बादली कोपऱ्यातच होती. हस्तीमलने ओंजळ भरली आणि पाय घसरल्याचं सोंग करून आईच्या हाताच्या दिशेने पाणी उडवलं. पण जतनबाईंचा उभा जन्म या नियमांत गेला होता. त्यांनी न बघताच हात मागे घेतला. सगळं पाणी धुरपदाबाईवर पडलं.

"शेठ, येडा व्हयी ग्यात का!" धुरपदाबाई किंचाळली.

"असूजता झालास ना?" आई दात खाऊन पुटपुटली. "आता बाजूला उभा राहा. मी देते."

त्यांनी भात दिला, भाजलेले पापड दिले, आणि मग कनवटीची बाटली काढली. "महासतीजी, एक औषध आहे. आपली तब्येत बघवत नाही. माझ्या बीनणीला हीच तक्रार होती, आता बघा कशी ठणठणीत आहे. लाभ द्यावा."

महासतीजींनी पात्र पुढे केलं, पण वर धरलं नाही. "कशाचं आहे?"

"झाडपाल्याचं. हिमालयातलं."

"कोणासाठी आणलं होतं?"

हा प्रश्न त्या नेहमीच विचारत. आमच्यासाठी म्हणून मुद्दाम आणलेलं आम्हाला चालत नाही, हे त्यामागचं कारण. जतनबाई मात्र अडखळल्या. बीनणीसाठी म्हटलं तर ठणठणीत झाली तरी अजून औषध कशाला, असे प्रश्न मागच्या बायका काढणार आणि दिवस गेल्याचं फुटणार. "घरात... असतंच," त्या म्हणाल्या.

महासतीजींनी पात्र किंचित वर धरलं. जतनबाईंनी बाटलीचं बूच काढलं.

"माझ्यासाठी आणलंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवाज घुंगटातून आला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून राजकुंवर सासूसमोर कुजबुजीच्या वर कधी बोलली नव्हती. आळीतल्या बायकांना तर तिचा आवाज कसा आहे हेही माहीत नव्हतं.

"महासतीजी, मी दोन जिवांची आहे," राजकुंवर स्पष्ट म्हणाली. "ते माझं औषध आहे."

पात्र तत्काळ मागे गेलं. गर्भवतीसाठी ठेवलेल्या वस्तूला साध्वी हात लावत नाहीत, हाही नियमच. तिच्या तोंडचं काढून घेणं त्यांना कल्पत नाही, म्हणजे नियमाने चालत नाही. मागच्या बायकांत "अगंबाई!" असा एकच कल्लोळ झाला. जतनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इतके दिवस दाबून ठेवलेली बातमी भर ओट्यावर, आणि तीही प्रत्यक्ष बीनणीच्या तोंडून! हस्तीमलला मात्र बायकोच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. सुटलो, तो मनात म्हणाला.

पण जतनबाईंपुढे सुटणं इतकं सोपं नव्हतं. बातमी फुटलीच आहे तर निदान पुण्य तरी पदरात पडू दे, असा त्यांनी झटक्यात हिशेब केला.

"महासतीजी, बीनणीने आजची गोळी सकाळीच घेतली. माझ्या हाताने दिली मी. गर्भवतीने घेऊन जे उरतं ते तर कल्पतं ना?"

"उरलेलं कल्पतं," महासतीजी म्हणाल्या. शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, आणि दुर्दैवाने जतनबाईंनाही. पात्र पुन्हा पुढे आलं. जतनबाईंनी बाटली तिरकी केली. एक गोळी घरंगळत बाटलीच्या तोंडाशी आली.

"नाही कल्पत!"

हस्तीमल एवढ्या जोरात ओरडला की बाटली जतनबाईंच्या हातात गरकन सरळ झाली. समोरच्या घराच्या कौलावरची कबुतरं उडाली.

"का कल्पत नाही, श्रावकजी?" महासतीजींनी विचारलं.

हस्तीमलने हात जोडले. महासतीजींसमोर खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. खरं बोलायचं तर शेजारी आई, मागे सगळी आळी, आणि उंबऱ्यात राजकुंवर पोटावर हात ठेवून उभी. "निर्दोष नाही, महासतीजी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. "का ते मला विचारू नका. मी हात जोडतो. माझं एक मूल आहे त्यात."

महासतीजींनी हस्तीमलकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ राजकुंवरकडे पाहिलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारला असता, तर उत्तर ऐकून काहीतरी सांगणं त्यांना भाग पडलं असतं. त्यांनी पात्रावर झाकण ठेवलं.

"आम्हाला नको," त्या म्हणाल्या. निघताना त्या प्रत्येक दारी म्हणायच्या तेच शब्द त्यांनी उच्चारले, पण या वेळी राजकुंवरकडे बघून, सावकाश. "दया पालो."

साध्वी गेल्या. त्यांच्यामागे बायका गेल्या, मागे वळून वळून बघत. धुरपदाबाई ओल्या लुगड्याने घुटमळत होती. "भलं व्हयनं, माय!" म्हणत तीही सटकली. जतनबाईंनी दार लावलं आणि कडी घातली.

"निर्दोष नाही म्हणजे काय?"

"बाई, मी..." हस्तीमलने तोंड उघडलं.

"मेंढी आहे त्यात, सासूजी," राजकुंवर म्हणाली. "मेंढीच्या गळ्यातली गाठ. वाळवून केलेली."

जतनबाई मटकन खाली बसल्या. हस्तीमल बायकोकडे वळून तिथेच बसला. "तुला माहीत होतं?"

"माझ्या पोटात जाणार, ते मला विचारल्याशिवाय देतील का डॉक्टरीणबाई? आतल्या खोलीतच सांगितलं त्यांनी. मीच म्हटलं, ह्यांना सांगू नका, ह्यांना झोप लागणार नाही."

"मग गाडीत मी हिमालय म्हणालो तेव्हा..."

"मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतंय. म्हटलं, बरं झालं. पाप माझ्या एकटीवर राहील." आणि इतका वेळ ठणठणीत असलेला तिचा आवाज फुटला. "दोन गेली, सासूजी. तिसऱ्याला मी सोडणार नव्हते. पुढच्या जन्मी मेंढी व्हावं लागलं तरी चालेल."

जतनबाईंनी मुलाकडे पाहिलं. "आणि मी ती तुझ्याही तोंडात घातली?"

"थुंकलो, बाई."

बाटली जतनबाईंनी जमिनीवर ठेवली, नेमकी तिघांच्या मधोमध, आणि ज्या हाताने धरली होती तो पदराला पुसला. मग आतल्या खोलीत जाऊन मुहपत्ती बांधली, आसन पसरलं आणि सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसल्या. सामायिक एकदा धरलं की वेळ पुरी होईपर्यंत उठायचं नाही. बाहेर नवराबायको बाटलीकडे बघत बसले. हस्तीमलच्या मनात आलं, बाटली उचलून पळून जावं. पण पळून जाणार कुठे? जळगावला बिऱ्हाड करावं का, या बेतापर्यंत तो आला होता. राजकुंवरने बाटली उचलून दोन्ही हातांत धरली होती. कोणी ओढली असती तरी ती सुटली नसती.

जतनबाई बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. बाटलीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"बीनणी."

"जी."

"उद्यापासून मी सकाळचं सामायिक स्वयंपाकघराशेजारी करणार आहे."

"जी."

"तेव्हा माझे डोळे मिटलेले असतात. घरात कोण काय खातं, काय पितं, मला दिसत नाही."

राजकुंवरने घुंगट थोडा वर केला. हस्तीमल तोंड उघडं टाकून बघत राहिला.

"पण कान उघडे असतात," जतनबाई म्हणाल्या. "पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज मला रोज आला पाहिजे. एक दिवस जरी आला नाही, तर सामायिक मोडून उठेन. आणि ते पाप तुम्हा दोघांच्या माथी."